अथेन्स १८९६ : रिकाम्या तिजोरीतला उत्सव

व्यापारात भांडवलापेक्षा पत मोठी मानली जाते. बुडालेले भांडवल पुन्हा उभे करता येते. परंतु दिलेला शब्द बुडाला, तर पेढीची पायरी चढायला कोणी तयार होत नाही. जी गोष्ट पेढीची, तीच राष्ट्राची. १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांची हकिगत क्रीडेच्या इतिहासात विक्रमांच्या आणि विजेत्यांच्या नावांनी सांगितली जाते. परंतु तिच्या आरंभाचे पान उलटून पाहिले, तर ती मुळात एका दिवाळखोर देशाने राखलेल्या शब्दाची आणि त्या शब्दामागे उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्यांची हकिगत आहे.

त्या काळी ग्रीसचा मुख्य निर्यातीचा माल म्हणजे काळा बेदाणा. फ्रान्समधील द्राक्षमळे किडीने उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील मद्य उत्पादकांनी ग्रीक बेदाण्याची मोठी खरेदी केली. भाव चढले आणि ग्रीक शेतकऱ्याने मिळेल त्या जमिनीत द्राक्षाचे वेल लावले. पुढे फ्रान्सचे मळे सावरले, आयातीवर जबर जकात बसली आणि १८९३ मध्ये बेदाण्याचा भाव कोसळला. परदेशी कर्जाचे हप्ते थकत चालले. त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यात पंतप्रधान हारिलाओस त्रिकूपिस यांना देशाचे दिवाळे निघाल्याची कबुली संसदेत द्यावी लागली.

त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, जून १८९४ मध्ये, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात पिएर द कुबेर्तँ या तरुण फ्रेंच उमरावाने एक परिषद बोलावली. प्राचीन ऑलिंपिक सामने नव्या रूपात सुरू करावेत, हा तिचा हेतू. पहिले सामने कोठे भरवावेत, हा प्रश्न निघाला, तेव्हा अथेन्सचे नाव पुढे करणारे गृहस्थ होते देमेत्रियोस विकेलास. २३ जूनला निर्णय झाला आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले अध्यक्ष म्हणून विकेलास यांचीच निवड झाली.

हे विकेलास खेळाडू नव्हते. सिरोस बेटावर जन्मलेला हा मुलगा वयाच्या सतराव्या वर्षी लंडनला मामांच्या पेढीवर आला, तेथे हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता धान्याचा व्यापार शिकला आणि पुढे त्याच पेढीत भागीदार झाला. व्यापारातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. एका ग्रीक व्यापाऱ्याच्या जीवनावरील ‘लूकिस लारास’ ही त्यांची कादंबरी युरोपातील अनेक भाषांत गेली. दिवाळे निघालेल्या मायदेशाच्या नावाने जगासमोर हुंडी लिहिण्याचे धाडस या अनुभवी व्यापाऱ्याने केले. आता ती वटायला हवी होती.

हुंडी वटवणारे हात

सरकारने हात वर केले. त्रिकूपिस यांचा या खर्चाला स्पष्ट विरोध होता, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. सावकारांचे व्याज थकलेले असताना उत्सव कसला मांडायचा, हा कोणत्याही जबाबदार कारभाऱ्याला पडावा असाच प्रश्न होता. सामने हंगेरीत बुडापेस्टला हलवण्याची भाषाही सुरू झाली. कुबेर्तँ स्वतः अथेन्सला आले आणि खर्च फार येणार नाही, असे सर्वांना समजावत फिरले. त्यांचा अंदाज पुढे फारच तोकडा ठरला. अखेर युवराज कॉन्स्टंटाइन यांनी संयोजन समितीची सूत्रे हाती घेतली आणि अथेन्सचे माजी महापौर तिमोलेऑन फिलेमॉन यांना सरचिटणीस नेमले. १८९५ च्या जानेवारीत त्रिकूपिस यांनी पंतप्रधानपद सोडले आणि मार्ग काहीसा मोकळा झाला.

फिलेमॉन यांनी वर्गणीची यादी उघडली. देशातील आणि परदेशांत पेढ्या थाटून बसलेल्या ग्रीकांकडून सुमारे ३ लाख ३० हजार द्राख्मा जमले. दिवाळे निघालेल्या देशात लोकांनी खिशातून काढून दिलेली ही रक्कम लहान नव्हती. परंतु सर्वांत मोठे काम अद्याप बाकी होते. प्राचीन पानाथेनाइक स्टेडियम भग्नावस्थेत होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हेरोदेस आटिकस नावाच्या धनिकाने ते पेंतेली डोंगराच्या पांढऱ्या संगमरवराने मढवले होते. पुढील शतकांत तो दगड लोकांनी काढून नेला होता. ते पुन्हा संगमरवरात उभे करायचे, तर लक्षावधी द्राख्मा लागणार होते.

फिलेमॉन जहाजाने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात गेले. तेथे येओर्गिओस अवेरोफ हे ग्रीक व्यापारी राहत होते. ग्रीसच्या डोंगरातील मेत्सोवो गावचा हा माणूस तरुणपणी भावाच्या दुकानात हातभार लावण्यासाठी इजिप्तला आला आणि कापसासारख्या मालाच्या व्यापारात त्याने अपार संपत्ती मिळवली. गावी शाळा, अथेन्समध्ये तंत्रशिक्षणाची संस्था अशी त्यांची दाने पूर्वीच झालेली होती. त्यांनी स्टेडियमच्या जीर्णोद्धाराचा भार उचलला आणि त्यांची देणगी अखेर ९ लाख २० हजार द्राख्मांपर्यंत गेली. सर्वसामान्यांच्या साऱ्या वर्गणीची जवळजवळ तिप्पट रक्कम एका माणसाने दिली!

समितीने कृतज्ञतेने स्टेडियमबाहेर अवेरोफ यांचा संगमरवरी पुतळा उभारला. सामन्यांच्या आदल्या दिवशी, ५ एप्रिलला, त्याचे अनावरण झाले. त्या समारंभाला अवेरोफ मात्र आले नाहीत. ज्याच्या पैशाने पन्नास हजारांहून अधिक माणसांना बसायला जागा झाली, त्याने स्वतः त्या जागेवर बसून टाळ्या ऐकल्या नाहीत. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रातील पैशाचा हातभार लागून पुढे ग्रीक आरमाराने एक युद्धनौका घेतली. अवेरोफ यांचे नाव धारण करणारी ती नौका आजही अथेन्सजवळ संग्रहालय म्हणून उभी आहे.

उरलेल्या पैशाची तजवीज ज्या युक्तीने झाली, ती बँकेच्या माणसालाही दाद द्यावीशी वाटेल अशी होती. देमेत्रियोस साकोराफोस हे तिकिटे जमवण्याचा छंद असलेले गृहस्थ. सामन्यांच्या स्मरणार्थ खास टपाल तिकिटे काढावीत, जगभरचे संग्राहक ती विकत घेतील आणि त्यातून पैसा उभा राहील, अशी कल्पना त्यांनी मांडली. १ लेप्टापासून १० द्राख्मांपर्यंत बारा तिकिटांची मालिका निघाली. तिच्यावर मुष्टियोद्धे, थाळीफेक करणारा मल्ल, स्टेडियम, अक्रोपोलिस अशी चित्रे होती. ऑलिंपिकवरील ही जगातील पहिली टपाल तिकिटे. त्यांतून सुमारे ४ लाख द्राख्मांची भर पडली. कागदाच्या इवल्या तुकड्यांनी जे काम केले, ते सरकारी खजिन्याला जमले नव्हते.

पहिला दिवस, पहिला विजेता

सोमवार, ६ एप्रिल १८९६. ग्रीसमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनगणना चालत असे. ती युरोपच्या इतर भागांपेक्षा बारा दिवस मागे होती, त्यामुळे अथेन्सच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या दिवशी २५ मार्च ही तारीख होती, म्हणजे ग्रीसचा स्वातंत्र्यदिन. ईस्टरचा रविवार नुकताच उलटला होता. संगमरवराचे काम पुरते झालेले नव्हते. जेथे दगड बसला नव्हता, तेथे लाकडी बाके मांडून त्यांना पांढरा रंग दिला होता. भोवतालच्या टेकड्यांवरही माणसेच माणसे होती. राजे जॉर्ज पहिले यांनी सामने सुरू झाल्याची घोषणा केली आणि स्पिरिदोन सामारास यांनी स्वरबद्ध केलेले ऑलिंपिक गीत वाद्यवृंदासह गायले गेले. त्याचे शब्द कवी कोस्तिस पालामास यांचे. हेच गीत आज जगभरच्या ऑलिंपिक समारंभांत गायले जाते.

१४ देशांतील २४१ खेळाडू तेथे आले होते. सारे पुरुष. क्रीडाप्रकार नऊ आणि स्पर्धा ४३. आजच्या हजारो खेळाडूंच्या मेळाव्यापुढे हा आकडा गावच्या जत्रेएवढा वाटेल. परंतु सुमारे पंधराशे वर्षांच्या खंडानंतर तो दिवस उजाडला होता.

पहिली शर्यत शंभर मीटर धावण्याची प्राथमिक फेरी होती. ती अमेरिकेच्या प्रिन्स्टन महाविद्यालयाचा फ्रान्सिस लेन जिंकला. परंतु पहिला अंतिम विजेता ठरण्याचा मान मिळाला जेम्स कॉनली याला. बॉस्टनच्या गरीब आयरिश वस्तीतील हा तरुण मोठ्या कष्टाने हार्वर्डमध्ये शिकायला गेला होता. अथेन्सला जाण्यासाठी रजा मिळेना, तेव्हा त्याने महाविद्यालयच सोडले. समुद्रमार्गे नेपल्सला पोहोचल्यावर त्याचे पाकीट चोरीस गेले आणि पुढची गाडी त्याने जेमतेम पकडली. इटली ओलांडून, पुन्हा जहाजाने पात्रास बंदरात आणि तेथून आगगाडीने असा प्रवास करून अमेरिकन तुकडी अथेन्सला पोहोचली, ती सामन्यांच्या आदल्या दिवशी. थकलेल्या अंगाने कॉनली तिहेरी उडीसाठी उतरला आणि १३.७१ मीटर अंतर पार करून गेला. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्याच्यापेक्षा एक मीटर मागे होता. प्राचीन काळानंतरचा तो पहिला ऑलिंपिक विजेता. पुढे त्याने समुद्रावरील कथा लिहून लेखक म्हणून नाव मिळवले.

थाळीफेक हा ग्रीकांचा स्वतःचा प्रकार. तो त्यांच्याकडून कोणी हिरावून घेईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. बाल्टिमोरच्या एका बँकर घराण्यातील रॉबर्ट गॅरेट हा विद्यार्थी आपल्या सहकाऱ्यांच्या प्रवासखर्चाचा भार उचलून आला होता. खरी थाळी त्याने कधी पाहिलेली नव्हती. जुन्या वर्णनांवरून त्याने घरी लोहाराकडून एक घडवून घेतली, ती इतकी जड निघाली की त्याने तो नादच सोडला. अथेन्सला आल्यावर खरी थाळी हातात पडली, ती किती तरी हलकी होती! त्याने नाव नोंदवले. पहिले फेक वेडेवाकडे गेले आणि लोक हसले. अखेरचे फेक २९.१५ मीटरवर पडले. ग्रीसचा पानायोतिस पारास्केवोपुलोस सुमारे वीस सेंटिमीटरने मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी गॅरेटने गोळाफेकही जिंकली.

हिशेबनीस, पैलवान आणि प्रवासी

त्या सामन्यांत आजच्यासारखे राष्ट्रीय संघ, प्रशिक्षकांचा ताफा, सरकारी अनुदान असे काही नव्हते. जो तो आपापल्या खर्चाने आणि आपापल्या रजेने आला होता. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक हा व्यवसायाने हिशेबनीस. लंडनच्या एका लेखापाल कार्यालयात अनुभव घेत असताना तो रजा काढून अथेन्सला आला. त्याने १,५०० मीटर आणि ८०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, टेनिसही खेळला. एवढे करून तो मॅरेथॉनमध्येही उतरला. वर्षअखेरचे ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाच्या अंगी केवढी चिकाटी असते, हे त्याने जगाला दाखवले.

ब्रिटनचा पहिला ऑलिंपिक विजेता लाँसेस्टन एलियट याचा जन्म मात्र आपल्या मुलखाच्या वेशीवर झाला होता. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कलादगी येथे, १८७४ साली. हे गाव आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात येते. त्याचे वडील तेथे सरकारी अधिकारी होते. दोन हातांनी वजन उचलण्याच्या स्पर्धेत एलियट आणि डेन्मार्कचा विगो येन्सन या दोघांनीही १११.५ किलो उचलले. परंतु पंचांपैकी राजपुत्र जॉर्ज यांनी येन्सनची ढब अधिक सफाईची ठरवली आणि पहिला क्रमांक त्याला दिला. लगोलग एका हाताच्या स्पर्धेत एलियटने ७१ किलो उचलून आपला मान मिळवला. याच स्पर्धेतील एक प्रसंग सांगितला जातो. मैदानावरील एक वजन नोकराला काही केल्या हलेना, तेव्हा धिप्पाड राजपुत्र जॉर्ज खुर्चीवरून उठले आणि त्यांनी ते सहज उचलून बाजूला ठेवले. त्या दिवशीच्या टाळ्यांत त्यांचाही वाटा होता.

हाच एलियट कुस्तीतही उतरला. वजनगट नव्हतेच, ज्याला उतरायचे त्याने उतरावे. समोर जर्मनीचा कार्ल शूमान उभा राहिला, पाच फूट चार इंच उंचीचा व्यायामपटू. त्याने एलियटला झटपट चीत केले. अंतिम कुस्ती ग्रीसच्या येओर्गिओस त्सितास याच्याशी झाली. ती इतकी रंगली की अंधार पडला आणि पंचांना ती थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जोड लागली आणि शूमान जिंकला. व्यायामप्रकारांतील तीन विजय धरून त्याची विजेतेपदे चार झाली. त्या सामन्यांत इतर कोणालाही एवढी विजेतेपदे मिळाली नाहीत.

जॉन पायस बोलंड हा आयरिश विद्यार्थी तर केवळ अथेन्समधील मित्राकडे सुट्टीसाठी आला होता. मित्राने त्याचे नाव टेनिसमध्ये घालून टाकले. त्याने एकेरी जिंकली. आणि पहिल्याच फेरीत ज्याला हरवले, त्या फ्रिट्झ ट्राउन या जर्मन खेळाडूला जोडीदार घेऊन दुहेरीही जिंकली. ग्रीसचा दिमित्रिओस लुंद्रास हा व्यायामपटू अवघा दहा वर्षांचा होता आणि त्याचा संघ तिसरा आला.

सौजन्याचे उदाहरण हवे असेल, तर फ्रान्सच्या लेऑन फ्लामेंगचे घ्यावे. शंभर किलोमीटर सायकल शर्यत म्हणजे धावपट्टीच्या तीनशे फेऱ्या. भर शर्यतीत त्याचा ग्रीक प्रतिस्पर्धी कोलेतिस याची सायकल बिघडली. फ्लामेंग थांबला आणि त्याची सायकल नीट होईपर्यंत पुढे गेला नाही. पुढे तो स्वतः एकदा पडला, तरीही उठून सहज जिंकला. शर्यत पुरी करणारे हे दोघेच होते. प्रतिस्पर्ध्याची अडचण ही आपली संधी मानायची नाही, हा धडा बाजारपेठेतही तितकाच मोलाचा आहे. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हा फ्लामेंग वैमानिक म्हणून धारातीर्थी पडला.

पोहण्याच्या स्पर्धा तलावात नव्हत्या. त्या पिरेयस बंदराजवळील झेआच्या उपसागरात, उघड्या समुद्रात झाल्या. एप्रिलचे पाणी अतिशय थंड होते आणि लाटा उसळत होत्या. हंगेरीचा अठरा वर्षांचा आल्फ्रेड हायोश अंगाला चरबीचा जाड थर चोळून उतरला. तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून वारले होते आणि त्यानंतरच त्याने पट्टीचा पोहणारा व्हायचे ठरवले होते. त्याने १०० मीटर आणि १,२०० मीटर अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. लांब पल्ल्याच्या वेळी जिंकण्याची नव्हे, तर जिवंत बाहेर पडण्याचीच ओढ मनात होती, असे त्याने पुढे प्रांजळपणे सांगितले. पुढे तो नामांकित वास्तुविशारद झाला.

पाणक्याची शर्यत

दिवसामागून दिवस जात होते. फिरंगी तलवारबाजीत लेओनिदास पिर्गोस याने ग्रीसला पहिले विजेतेपद मिळवून दिले होते. परंतु मुख्य स्टेडियममधील धावण्या-फेकण्याच्या स्पर्धांत यजमानांच्या हाती काही लागत नव्हते. ज्या संगमरवरासाठी देशाने झोळी पसरली, त्यावर परक्यांचेच झेंडे चढत होते. उरली होती मॅरेथॉन.

ही शर्यत प्राचीन सामन्यांत नव्हती. मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन धावत आलेल्या दूताच्या आख्यायिकेवरून मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताला ती सुचली आणि विजेत्यासाठी चांदीचा चषकही त्यानेच दिला. १० एप्रिलला दुपारी मॅरेथॉन गावच्या पुलाजवळून सतरा जण निघाले. अंतर सुमारे ४० किलोमीटर. रस्ता धुळीचा आणि चढ-उताराचा. आरंभी फ्रान्सचा लेर्म्युझियो पुष्कळ पुढे होता. बत्तिसाव्या किलोमीटरला तो थकून बाहेर पडला. मग हिशेबनीस फ्लॅक आघाडीवर आला. इतके अंतर तो आयुष्यात कधी धावलेला नव्हता. काही किलोमीटर उरले असताना तोही कोसळला.

स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियन पुढे असल्याची खबर आलेली होती आणि लोक खाली माना घालून बसले होते. तेवढ्यात शर्यतीचे प्रमुख मेजर पापादियामान्तोपुलोस घोड्यावरून धुळीने माखून आले आणि थेट राजाकडे गेले. ग्रीक पुढे आहे, ही वार्ता बाकांवरून पसरत गेली. थोड्याच वेळात प्रवेशद्वारातून सडपातळ बांध्याचा, घामाने निथळणारा एक तरुण आत आला. स्पिरिदोन लुईस. अथेन्सजवळच्या मारूसी गावचा पाणी वाहणारा. युवराज कॉन्स्टंटाइन आणि राजपुत्र जॉर्ज आसने सोडून खाली उतरले आणि अंतिम रेषेपर्यंत त्याच्या दोन बाजूंनी धावले. वेळ होती २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद. राजाने पाणक्याचे उभे राहून स्वागत केले.

दुसराही ग्रीकच आला, वासिलाकोस. तिसराही ग्रीक आला खरा. परंतु हंगेरीच्या केल्नरने तक्रार केली की, बेलोकास याने काही अंतर गाडीत बसून काटले आहे. चौकशीत ते खरे ठरले. संयोजकांनी आपल्या माणसाला पाठीशी घातले नाही. त्याचा क्रमांक काढून घेतला आणि तो परदेशी केल्नरला दिला. तीन ग्रीकांचा तिहेरी विजय साजरा करण्याचा मोह त्या दिवशी केवढा असेल! परंतु वहीत खोटी नोंद राहू दिली नाही, म्हणून बाकीच्या नोंदींवर जगाने विश्वास ठेवला.

लुईसवर भेटींचा वर्षाव झाला. काय हवे ते माग, असे राजाने म्हटल्यावर त्याने पाणी वाहण्यासाठी घोडा आणि गाडी एवढेच मागितले, असे सांगतात. तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. त्याला मिळालेला ब्रेआल चषक २०१२ मध्ये लंडनमधील लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेला आणि एका ग्रीक धर्मादाय प्रतिष्ठानाने तो घेतला.

या शर्यतीची आणखी एक नोंद आहे, तिला निकालपत्रकात जागा मिळाली नाही. स्तामाता रेविथी नावाची एक गरीब स्त्री, पदरी तान्हे मूल. एक मुलगा आधीच दगावलेला. ही शर्यत धावली तर नाव होईल आणि कोठे तरी काम मिळेल, या आशेने ती आली होती. स्त्री म्हणून तिला प्रवेश नाकारण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ती एकटीच मॅरेथॉन गावातून निघाली. निघण्याची वेळ तिने गावातील प्रतिष्ठितांच्या सह्यांनिशी लिहून घेतली. सुमारे साडेपाच तासांनी ती अथेन्सला पोहोचली. तेथेही भेटलेल्या अधिकाऱ्यांकडून वेळेवर सह्या घेतल्या. स्टेडियमचे दार तिच्यासाठी उघडले नाही. पुढे तिचे काय झाले, याचा माग कागदपत्रांत लागत नाही. चार वर्षांनी पॅरिसच्या सामन्यांत स्त्रियांना प्रवेश मिळाला आणि टेनिसपटू शार्लट कूपर विजेती ठरली. मॅरेथॉनमध्ये मात्र स्त्रियांना ऑलिंपिकचे दार १९८४ मध्ये उघडले, म्हणजे रेविथीच्या त्या सह्यांनंतर ८८ वर्षांनी.

ताळेबंद

१५ एप्रिलला बक्षीस समारंभ झाला. तो आदल्या दिवशी व्हायचा होता. पावसामुळे पुढे गेला. सुवर्णपदक कोणालाच नव्हते. पहिल्या क्रमांकाला रौप्यपदक, प्रशस्तिपत्र आणि ऑलिंपियाहून आणलेली ऑलिव्हची डहाळी. दुसऱ्याला तांब्याच्या रंगाचे कांस्यपदक, प्रशस्तिपत्र आणि लॉरेलची डहाळी. तिसऱ्याला काही नाही. रोख रक्कम तर नाहीच. जॉर्ज रॉबर्टसन या इंग्रज विद्यार्थ्याने प्राचीन ग्रीक पद्धतीचे स्वरचित काव्य राजापुढे म्हटले आणि त्यालाही राजाकडून डहाळी मिळाली. विजेतेपदांत अमेरिका ११ आणि ग्रीस १०, असा हिशेब झाला.

सामन्यांमुळे ग्रीसचे कर्ज फिटले नाही. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानशी झालेल्या युद्धात त्याचा पराभव झाला आणि १८९८ पासून परकीय सत्तांच्या वित्तीय समितीने देशाच्या उत्पन्नावर देखरेख सुरू केली. तेव्हा त्रिकूपिस यांची चिंता खोटी नव्हती. पण खर्चाच्या बाजूला मांडलेली प्रत्येक रक्कम तोट्याची नसते, हेही तितकेच खरे. बेदाण्याच्या मंदीतील नुकसानीचे आकडे आज कोणाच्या लक्षात नाहीत. अवेरोफ यांचे स्टेडियम मात्र उभे आहे. २००४ साली ऑलिंपिक सामने पुन्हा अथेन्सला भरले, तेव्हा मॅरेथॉनचे धावपटू त्याच संगमरवरी बाकांसमोर येऊन थांबले.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हाही सरकारी तिजोरीतून पुरेशी मदत झाली नव्हती. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

अवेरोफ कोट्यधीश होते आणि खर्डीकर पगारदार शिक्षक. दोघांच्या देण्यात आकड्यांचे अंतर फार मोठे, भावनेचे मुळीच नाही. परतफेडीची अट न घालता दिलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही, असा बँकेचा नियम आहे. अथेन्स आणि हेलसिंकी या दोन्ही ठिकाणी तो नियम चुकला, आणि चुकला हे फार बरे झाले.